माणूस काम का करतो? : एक प्रस्तावना

माणसे पोटासाठी राबतात हे खरे. पण पोटापुरते मिळाल्यावरही एखादा कामात जीव ओततो आणि त्याच्याच शेजारचा दिवस ढकलतो. हा फरक कशाने पडतो आणि भिन्न स्वभावांची माणसे एका कामात कशी नांदतात, हा या अभ्यासाचा विषय. मे महिन्याच्या सुट्टीत तो वाचायला घेणाऱ्याने सुरुवात सातारा-सांगलीपासून करावी. इथे हे प्रश्न आधी माळावर आणि नदीकाठी सोडवून पाहिले गेले.

औंध संस्थानातल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना हलवला. तिथे नांगर बनवण्याबरोबर गावही वसवावे लागले. शंकरराव किर्लोस्करांचे 'शंवाकीय' हे आत्मचरित्र वाचताना फ्रेडरिक टेलरचे १९११ चे वैज्ञानिक व्यवस्थापनावरचे पुस्तक जोडीला ठेवावे. टेलर कामाच्या हालचाली मोजतो; किर्लोस्करांनी वसवलेल्या या गावाची गोष्ट कामगाराच्या घरापर्यंत पोहोचते.

किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, श्रम करत आणि शिकत. ते चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. एकजूट ही उपदेशाने येत नाही, रोजच्या सामायिक कामातून येते, याचा हा धडा आहे.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने १९३९ मध्ये भिंतींवाचून तुरुंग सुरू केला. कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना शेती दिली. जबाबदारी मिळाली तर माणूस ती पेलतो, हे व्यवस्थापनाचा अभ्यासक डग्लस मॅकग्रेगरने पुस्तकात मांडले ते १९६० साली. पुढे खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी श्रमदानाने बळीराजा धरण बांधले. त्यामागचे तत्त्व समन्यायी पाणीवाटपाचे होते. भूमिहीनालाही पाण्यात वाटा हवा, असा त्याचा आग्रह. वाटा आधी ठरला की हात आपोआप जुळतात, हे इथे समजते.

या चार प्रकरणांतून एकच सूत्र निघते. प्रेरणा वरून ओतता येत नाही. निर्णयात आवाज आणि फळात वाटा असेल तिथे ती टिकते. म्हणून कोणतेही पुस्तक वाचताना विचारावे : ठरवले कोणी, राबले कोण, मिळाले कोणाला? हे प्रश्न संस्थापकांच्या चरित्रांनाही लावावेत, कारण त्यांत कामगाराचा आवाज कमी ऐकू येतो.

ही उणीव वाचकच भरून काढू शकतो. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, सूतगिरणीत राबलेल्या बाया, वसतिगृहात वाढलेले शिक्षक आपल्याच गल्लीत राहतात. या सुट्टीत पुस्तके वाचाच. शिवाय त्यांच्यापैकी एकाकडे वही घेऊन बसा आणि त्यांच्या कामाची हकिकत त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा.