टू-स्ट्रोकचं घराणं

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगारावर जगतात. गावोगावचं लोखंड तिथं वितळतं, त्याची सळई होते आणि ती मराठवाड्यातल्या घराघरांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. जुनी मोटारसायकल एकदा भंगारात निघाली की तिचा शेवटचा मुक्काम अशीच एखादी भट्टी. त्या वाटेवरून थोड्याच गाड्या माघारी वळतात. काहींना पुन्हा शोरूमचं रूप मिळतं. काहींना मात्र जे रूप मिळतं, ते त्यांना जन्मात कधी नव्हतं. त्या रेसर होतात.

म्हणजे काय होतं? गाडी फुल खोलली जाते. साडीगार्ड, लेगगार्ड, मागचं मडगार्ड, इंडिकेटर खाली उतरतात. उंच हँडलच्या जागी पुढच्या फोर्कच्या नळ्यांना दोन आखूड दांडे आवळले जातात, ते क्लिप-ऑन. फुटरेस्ट वीतभर मागे आणि वर सरकतात. दोघांची सीट जाऊन एकट्याची येते आणि तिच्या मागच्या टोकाला कुबड निघतं. टाकी लांबट होते, तिला गुडघे टेकवायला खोबणी येतात. सायलेन्सर पोटाशी फुगतो आणि शेपटाकडे निमुळता होतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या शर्यतीच्या गाड्यांची ही नक्कल.

नक्कल असली तरी प्रत्येक भागाला कारण आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, म्हणून छाती टाकीवर टेकवायची आणि त्यासाठी हँडल खाली आणायचं. वळणावर गाडी लोळवली की जुन्या जागचा फुटरेस्ट रस्त्याला घासतो, म्हणून तो वर न्यायचा. ॲक्सिलरेटर पिळला की माणूस मागे घसरतो, त्याला अडवायला कुबड. शोभेचं वाटणारं हे सामान आधी कामाचं होतं.

या वंशवृक्षाचं मूळ आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर आहे. तिथली टीटी शर्यत १९०७ साली सुरू झाली ती रस्त्यावरच्या गाड्यांसाठीच. गाडीला सायलेन्सर, मडगार्ड आणि बसायला धड सीट हवी, अशा अटी होत्या. फक्त शर्यतीसाठीची वेगळी गाडी नंतर घडत गेली. नॉर्टनच्या मँक्स गाडीला १९५० साली रेक्स मॅककँडलेसची नवी चेसिस मिळाली. पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणून तिला फेदरबेड म्हणू लागले. ती चेसिस रस्त्यावरच्या नॉर्टनलाही मिळाली आणि पोरांनी तिच्यात ट्रायम्फचं इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाचा संकर जन्माला घातला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे हा या पोरांचा अड्डा. ताशी शंभर मैल गाठणं हे त्यांचं व्रत. त्यांच्या गाड्यांना कॅफे रेसर म्हणत आणि त्या नावात थोडी चेष्टाही होती, कारण यांची शर्यत कॅफेपासून कॅफेपर्यंतच.

चेष्टेची फॅशन व्हायला वेळ लागला नाही. रॉयल एनफिल्डनं साठच्या दशकाच्या मध्यावर क्लिप-ऑन आणि लांब टाकीसकट २५० सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी कारखान्यातूनच विकायला काढली. पुढे इंग्लंडमधली कंपनी बुडाली, पण १९५५ साली मद्रासला फुटलेली तिची फांदी जगली. त्याच फांदीनं २०१३ साली कॉन्टिनेन्टल जीटी पुन्हा आणली.

आपल्याकडे परदेशी रेसर मागवणं ही मूठभरांची चैन होती. मद्रासजवळच्या शोलावरमला महायुद्धातली धावपट्टी होती. तिथं पन्नाशीच्या दशकापासून शर्यती रंगल्या आणि त्यांत बुलेट, जावा, येझदी या दूधवाल्या-मास्तरांच्याच गाड्या सोलून-तासून पळवल्या गेल्या. लंडनच्या पोरांनी हौसेनं केलं ते इथं गरजेनं झालं.

इथवर वंशावळ कपड्यांची झाली. हाडामांसाची वंशावळ दुसरीकडे जाते, कारण आपल्या गल्लीत रेसर व्हायला जी गाडी पहिल्यांदा निवडली जाते ती टू-स्ट्रोक असते. यामाहाची आरएक्स हंड्रेड परवडते म्हणून, राजदूत ३५० मिळालीच तर नशीब म्हणून. या टू-स्ट्रोकांचं कुळ शोधत गेलं की आपण पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ नावाच्या लहानशा गावात पोचतो.

चोपाऊला डीकेडब्ल्यूचा कारखाना होता आणि १९२०च्या दशकाअखेर तो जगातला सर्वांत मोठा मोटारसायकल उत्पादक होता. युद्धाच्या तोंडावर तिथं हर्मान वेबरनं आरटी १२५ ही हलकी टू-स्ट्रोक गाडी बांधली. जर्मनी हरल्यावर तिचे आराखडे नुकसानभरपाईत गेले आणि इंग्लंडात बीएसए बॅन्टम, अमेरिकेत हार्लेची १२५, रशियात मॉस्क्वा अशा तिच्या नकला निघाल्या. वाद्यं बनवणाऱ्या एका जपानी कंपनीनंही १९५५ साली तीच गाडी समोर ठेवून आपली पहिली मोटारसायकल केली. ती यामाहाची वायए-१. यामाहा मोटर १ जुलै १९५५ रोजी स्थापन झाली आणि त्याच महिन्यात या गाडीनं फुजी पर्वतावर चढण्याची शर्यत जिंकली. यामाहाचा जन्मच नकलेतून आणि शर्यतीतून झाला.

जावाचं आजोळही जवळच निघतं. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांपासून जावा झालं. यातली वाँडरर चोपाऊशेजारच्या केमनिट्झची. तीच जावा पुढे १९६१ साली म्हैसूरला बनू लागली आणि मग येझदी झाली.

युद्धानंतर चोपाऊच्या कारखान्याचं नाव एमझेड झालं. तिथं वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर आला. युद्धकाळ त्यानं जर्मन क्षेपणास्त्रांच्या कामावर घालवला होता. फुगीर सायलेन्सरची विद्या त्यानं पक्की केली. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जाताना थोडं ताजं पेट्रोल-मिश्रणही निसटतं. पण धुराच्या प्रत्येक धक्क्याबरोबर नळीत दाबाची एक लाट धावते. नळी रुंदावते तिथून उलटी ओढ येते आणि सिलिंडर झटक्यात रिकामा होतो. पुढे नळी आवळते तिथून दाब परततो आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, नुसता पत्र्याचा आकार काम करतो. १९६१ साली काडेनच्या १२५ सीसी इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे दोनशे.

त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून थेट पश्चिमेकडे पळाला. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती. त्याच्या बायको-मुलांना मोटारीच्या डिकीत लपवून बाहेर काढलं गेलं. डेग्नरनं काडेनची विद्या सुझुकीला दिली आणि १९६२ साली सुझुकीवर ५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलं. दोन वर्षांनी फिल रीडनं यामाहाला २५० सीसीचं मिळवून दिलं. चोपाऊची एक विद्या नकलेच्या वाटेनं आणि दुसरी चोरवाटेनं, अशा दोन्ही जपानला पोचल्या.

आता नक्कल आणि अस्सल यांची खरी गुंतागुंत सुरू होते. यामाहानं १९६२ साली विकायला काढलेली टीडी-१ ही शर्यतीची गाडी रस्त्यावरच्या २५० सीसी गाडीतूनच घडली होती. सत्तरीत शर्यतीची टीआर-३ आणि रस्त्यावरची आर-५ एकाच घडणीच्या क्रँककेसवर उभ्या होत्या. १९७३ साली शर्यतीसाठी टीझेड ३५० आणि रस्त्यासाठी आरडी ३५० आली. दोन्हींचा बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. तीच आरडी १९८३ साली एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला राजदूत ३५० म्हणून बनवली. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला, ताकदही उतरवली. पण सहा गिअर आणि जोडसिलिंडर तेच. म्हणून कुणी राजदूत ३५०ला टीझेडचं रूप देतो, तेव्हा तो परक्याचा सदरा चढवत नसतो, सख्ख्या भावाचा चढवत असतो.

गाण्याच्या घराण्यात शिष्य आधी गुरूचा आवाजसुद्धा उचलतो आणि त्यातूनच कधीतरी स्वतःची तान निघते. टू-स्ट्रोकचं घराणंही असंच चाललं आहे. यामाहानं डीकेडब्ल्यूला उचललं, सुझुकीनं काडेनला, गॅरेजवाला यामाहाला उचलतो. ९८ सीसीची आरएक्स हंड्रेड १९८५ साली आली आणि १९९६ला थांबली. तिच्यावर पत्र्याच्या शंकूंचे तुकडे जोडून जो फुगीर सायलेन्सर चढतो, तो काडेनचाच वंशज आहे.

मात्र घराण्याची शिस्त मोडली की इंजिन पकडतं. नवा सायलेन्सर लावून कार्बोरेटरचा जेट जुनाच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून फुगतो आणि बोअरमध्ये अडकतो. शंकूंचं माप चुकलं तर परतीची लाट अवेळी येते आणि गाडी आवाज करते पण पळत नाही. गावात फिरणाऱ्या पुष्कळशा ‘रेसर’ या आवाजाच्याच रेसर असतात.

कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेली घडण मालकाला बदलता येत नाही आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी व्हिंटेजचा वेगळा नंबर दिला, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. जालन्याची एमएच-२१ची पाटी लावलेला रेसर त्यामुळे दोन्हीकडून उपरा ठरतो. जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. ही गाडी मोकळी सोडायची तर ती टेम्पोत घालून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या ट्रॅकवर न्यावी लागते.

म्हणून जाणता मिस्त्री चेसिसला कटर लावत नाही. क्लिप-ऑन नटबोल्टवर, फुटरेस्ट जुन्याच भोकांवर पट्टी टाकून, कुबडाची सीट मूळच्या कोंड्यांवर. काढलेला प्रत्येक भाग गोणीत बांधून ठेवायचा. यात पासिंगची सोय आहे, पण कारण तेवढंच नाही. आरटी १२५ची नक्कल जगभर झाली, कारण तिचे आराखडे किंवा अस्सल गाडी हाताशी होती. आरएक्स आता बनत नाही. कापलेली प्रत्येक चेसिस म्हणजे पुढच्या कारागिराचा एक धडा भट्टीत टाकणं. नकलेचं घराणं पुढे चालवायचं असेल तर अस्सल सांभाळायची जबाबदारी सर्वांत आधी नक्कल करणाऱ्याचीच आहे.