कडुनिंबाच्या धुराने डास खरंच पळतात का?

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातल्या अनेक गावांत तिन्हीसांजेला गोठ्यापाशी धूर केला जातो. पेटलेल्या गोवऱ्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा, कुठे त्यात निरगुडीही घालायची. माणसांना आणि जनावरांना डास चावू नयेत, हा हेतू. पण याचा खरंच उपयोग होतो का?

धूर काय करतो?

डासाची मादी माणसाला शोधते ती श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि शरीराची उष्णता यांवरून. धूर आणि पाल्याचा उग्र वास यामुळे तिला माग काढणं अवघड जातं. मात्र डास मरत नाहीत. धूर विरला की ते परत येतात.

तेलाचं काय?

खोबरेल तेलात २ टक्के निंबोळी तेल मिसळून अंगाला लावल्यास मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासांपासून १२ तास संरक्षण मिळाल्याचं भारतीय संशोधकांनी १९९३ मध्ये नोंदवलं होतं. इतर प्रयोगांत हा परिणाम कमी-जास्त आढळला आहे.

तुळस किंवा गवती चहाची नुसती कुंडी खिडकीत ठेवून मात्र फारसा फरक पडत नाही. या वनस्पतींचं सुगंधी तेल पानांत असतं आणि पान चुरगळल्यावरच ते पुरेसं बाहेर येतं.

डेंग्यूपासून बचाव होतो?

इथेच फसगत होते. ॲनोफिलिस रात्री चावतो, पण डेंग्यू पसरवणारा एडिस मुख्यतः दिवसा. तिन्हीसांजेच्या धुराने त्याला अडवता येत नाही. शिवाय त्याची पैदास घराजवळच, रांजण, कूलर, जुने टायर यांत साठलेल्या पाण्यात होते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितलं जातं.

काळजी काय घ्यायची?

पाला कडुनिंबाचा असला, तरी धूर तो धूरच. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसात जातात. त्यामुळे बंद खोलीत, लहान बाळाजवळ किंवा दमा असलेल्या व्यक्तीजवळ धूर करू नये. तो अंगणात, मोकळ्या हवेत करावा आणि झोपताना मच्छरदाणी लावावीच. ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रक्त तपासून घ्यावं.