ओला मोड, सुका मोड

मराठी घरात मोड आणण्याला कुणी रेसिपी म्हणत नाही. पाककृतीच्या पुस्तकात 'मोड आलेली मटकी दोन वाट्या' असं थेट साहित्याच्या यादीत लिहिलेलं असतं. मोड आणायचे कसे, हे वाचणाऱ्याला ठाऊकच आहे असं धरलेलं असतं. रात्री भिजत घालायचं, सकाळी उपसायचं, ओल्या फडक्यात घट्ट बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी गाठ सोडायची. एवढंच. पण या 'एवढंच'ला एका महायुद्धाचा, काही दुष्काळांचा आणि आमच्या पालघर जिल्ह्यातल्या बालमृत्यूंचा इतिहास चिकटलेला आहे. मला तो शोधावासा वाटला तो जामसरमुळे.

जामसर हे जव्हार तालुक्यातलं गाव. कामानिमित्त काही महिने माझं तिथे जाणं-येणं होतं. या भागात, म्हणजे जव्हार-मोखाड्यात, नाचणीला नागली म्हणतात. पावसाच्या आधी राब भाजायचा, त्यात रोपं करायची आणि पाऊस लागला की ती डोंगरउतारावर लावायची. सोबत वरई, उडीद, तूर, खुरासणी. एका घरासमोर मोड आलेली नागली फडक्यावर वाळत घातलेली दिसली. आत पातेल्यात चवळीलाही मोड आलेले होते, ती संध्याकाळच्या कालवणाची तयारी. मी विचारलं, "मावशी, मोड दोन्हीला आणलेत. मग नागली वाळवता कशाला?"

"ती बाळाच्या पेजेला. वाळवल्याशिवाय दळायची कशी?"

उत्तर बिनतोड होतं. पण ओला मोड आणि सुका मोड यांत फक्त जात्याचा फरक नाही. शरीरात गेल्यावर दोघांचं काम पूर्ण वेगळं होतं. विज्ञानाला हा फरक कळायला दीडशे-दोनशे वर्षं लागली.

ओला मोड

मोड आलेल्या धान्याला संस्कृतात 'विरूढ' म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत विरूढाचा उल्लेख आहे, पण कौतुकाने नाही. ते पचायला जड आहे असं तिथे सांगितलंय. आज जिमच्या डाएटमध्ये मोडांना जो मान आहे, तो त्यांना फार उशिरा मिळालाय. उत्तर कोकणात, म्हणजे ठाणे-पालघर-रायगड पट्ट्यात, श्रावणात वालाचं बिरडं होतं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. 'विरूढ' आणि 'बिरडं' हे शब्द एकापाठोपाठ म्हणून बघा, नातं कानालाच कळतं. गोव्यात मुगागाठी, देशावर मटकीची उसळ, नाशिक-कोल्हापुरात मिसळ. कुणीही हे व्हिटॅमिनसाठी करत नव्हतं. भिजल्यावर कडधान्य लवकर शिजतं, चव बदलते आणि मूठभर दाणे पातेलंभर दिसतात. गरिबीत हे तिसरं कारण छोटं नसतं.

आता १९१५ चा डिसेंबर. आजच्या इराकमधलं कुत हे गाव. ब्रिटिश-भारतीय फौज तिथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणीही होत्या. वेढा १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेने शरणागती पत्करली. त्या काळात छावणीत एक विचित्र गोष्ट दिसली. गोरे शिपाई बेरीबेरीने आजारी पडत होते आणि भारतीय शिपाई स्कर्व्हीने. गोऱ्यांच्या रेशनमध्ये पांढऱ्या मैद्याचा पाव होता, त्यात बी-१ जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतं. भारतीयांच्या रेशनमध्ये आटा आणि डाळ असल्याने ते बेरीबेरीपासून वाचले. पण ताजी भाजी नाही, फळ नाही, आणि घोड्याचं मांस बहुतेकांनी फार उशिरापर्यंत नाकारलं. हिरड्या सुजणं, दात हलणं, जुन्या जखमा उघडणं ही स्कर्व्हीची लक्षणं त्यांच्यात दिसू लागली.

ज्या घरांमध्ये मोड आणणं रोजचं काम, तिथल्या शिपायांना स्कर्व्ही का व्हावा? कारण रेशनमध्ये डाळ होती. डाळ म्हणजे भरडलेलं, साल काढलेलं, दुभंगलेलं कडधान्य. त्याला कितीही भिजवलं तरी मोड येत नाही, कारण अंकुराची जागाच मोडलेली असते. घरच्या कणगीत अख्खे मूग होते, पलटणीच्या पोत्यात डाळ. एका गिरणीच्या अंतरावर औषध राहून गेलं.

त्याच वर्षांत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी हाच प्रश्न सोडवत होत्या. पुरुष शास्त्रज्ञ युद्धाच्या कामांवर गेलेले, प्रयोगशाळा बऱ्याच अंशी बायकांनी सांभाळलेली. गिनीपिगवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की कोरड्या दाण्यात स्कर्व्ही रोखणारं काही नसतं, पण तोच दाणा भिजून मोड आला की ते तयार होतं. चिक आणि मेरियन डेल्फ यांचा यावरचा निबंध १९१९ साली आला. त्याआधी १९१८ मध्ये विल्टशर नावाच्या डॉक्टरने सर्बियन सैनिकांवर लिंबाचा रस आणि मोड आलेल्या शेंगदाण्यांच्या कुळातल्या बिया, म्हणजे घेवड्यासारखं कडधान्य, यांची तुलना केली होती. मोड लिंबापेक्षा मागे पडले नाहीत. सैन्यासाठी सल्ला निघाला तो असा: कडधान्य अख्खं, सालासकट घ्या, दिवसभर भिजवा, दोनेक दिवस ओलसर ठेवा आणि गरजेपेक्षा जास्त शिजवू नका. कुठल्याही आजीने हे वाचून विचारलं असतं, यात नवीन काय? नवीन होतं ते कारण. त्या वेळी 'सी' जीवनसत्त्व कुणी वेगळं काढलेलंही नव्हतं. ते काम १९३० च्या आसपास झालं.

पुढे १९४० च्या सुमारास पंजाबातल्या हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरला, तेव्हा मोड आलेले हरभरे वाटून तो आवरला गेला. सरकारला परवडणारं औषध सापडलं होतं.

इथे मोड कच्चे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय जिवाणूची साथ पसरली. पन्नासहून अधिक माणसं दगावली, हजारो आजारी पडली. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच आवडते. आपली उसळ एक वाफ देऊन करतात. त्यात थोडं 'सी' जातं, पण धोका बराच कमी होतो. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस घरात असेल तर वाफ टाळू नये.

सुका मोड

सुक्या मोडाची गोष्ट एका फसलेल्या प्रयोगापासून सुरू होते. १७६० च्या दशकात डेव्हिड मॅकब्राइड या आयरिश डॉक्टरने स्कर्व्हीवर माल्ट सुचवलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू. १७६८ साली कॅप्टन कुक 'एन्डेव्हर' जहाजावर माल्ट घेऊन निघाला आणि परत आल्यावर त्याने त्याची तारीफही केली. पण भट्टीत वाळवताना मोडातलं 'सी' नष्ट होतं. जहाजावरची माणसं वाचली ती बंदराबंदरात घेतलेल्या ताज्या भाजीपाल्यामुळे. श्रेय मात्र माल्टने नेलं.

मग वाळवलेला मोड फुकट का? अजिबात नाही. रुजताना दाण्यात अमायलेझ नावाचं एन्झाइम तयार होतं. कोंबाला वाढायला साखर लागते आणि हे एन्झाइम साठवलेल्या स्टार्चचे तुकडे करून ती पुरवतं. हलक्या उन्हात वाळवलं तर एन्झाइम टिकतं. आता बाळाची पेज आठवा. साध्या नागलीच्या पिठाची पेज शिजली की घट्ट होते, गार झाली की गोळा. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला ती गिळवत नाही, म्हणून आई पाणी घालते. पेज पातळ होते, पोटही भरतं, पण प्रत्येक घासातलं अन्न निम्म्यावर येतं. बाळाचं पोट वाटीएवढं. दिवसभर पेज पिऊनही ते उपाशी राहू शकतं.

मोड आणलेल्या नागलीचं पीठ हे कोडं सोडवतं. अमायलेझमुळे तेवढंच पीठ घातलेली पेज सैल राहते. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत मल्लेशी आणि देसिकाचार यांनी १९८० च्या आसपास नाचणी आणि मुगाच्या माल्टवर हेच काम केलं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी दाखवलं की सगळं पीठ मोडाचं नसलं तरी चालतं. साध्या घट्ट पेजेत चमचाभर मोडाचं पीठ ढवळलं तरी ती सैल होते. फक्त ते पीठ खरपूस भाजू नये, एन्झाइम मरतं. नागलीत कॅल्शियम तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मोड आल्याने लोह शोषू न देणारं फायटिक आम्ल कमी होतं. आपल्याकडचं नाचणीचं सत्त्व ते हेच. दक्षिणेत साध्या पिठाच्या पेयालाही 'रागी माल्ट' म्हणतात, तेव्हा पाकीट घेताना मागची यादी वाचा.

दाणा कुणाकडे?

इथवर आलं की सरळ निष्कर्ष काढावासा वाटतो: मोड आणायला शिकवा, कुपोषण संपेल. जव्हार-मोखाड्यात उभं राहून हे वाक्य तोंडातून निघत नाही.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, योजना आल्या. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१६ मध्ये मोखाडा पुन्हा त्याच कारणासाठी बातम्यांत आला. दरवेळी कुठून तरी एक सूर निघतो: आयांना आहाराचं ज्ञान नाही. जामसरच्या त्या मावशींना अमायलेझ हा शब्द ठाऊक नव्हता, पण बाळाच्या पेजेला कुठला मोड लागतो हे ठाऊक होतं. पावसाळ्यात जंगलातून वास्ते आणायचे, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, ते कसे चिरायचे, किती पाणी बदलायचं, हेही इथल्या बायकांना ठाऊक असतं. कमी पडतं ते वेगळंच.

उतारावरची नागली वर्षभर पुरत नाही. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मोड आणायला दोन रात्री, वाळवायला दोन दिवसांचं ऊन आणि राखणीला एक माणूस लागतो. पहाटेपासून विटा थापणाऱ्या आईकडे यातलं काय असतं? रेशनवर मिळतो तो तांदूळ आणि गहू. कुतच्या छावणीत शिपायांच्या हातात डाळ होती, इथे आईच्या हातात पांढरा तांदूळ आहे. दोन्ही ठिकाणी माणसाला मोड आणता येत होते. पोत्यात काय भरायचं, हे मात्र दुसरंच कुणी ठरवत होतं.

जून २०२४ च्या शासन निर्णयात शालेय पोषण आहाराच्या पाककृतींमध्ये मोड आलेल्या मटकीची उसळ आणि नाचणीचं सत्त्व, दोन्ही आले. वाचून बरं वाटलं होतं. पुढच्याच वर्षी अंड्यांचा आणि साखरेचा खर्च लोकसहभागातून भागवावा असं ठरलं. ज्या गावातले निम्मे लोक भट्टीवर गेलेत, तिथे लोकसहभाग म्हणजे कुणाचा? दरम्यान २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष साजरं झालं आणि शहरातल्या दुकानांत नाचणीला काचेच्या बरण्या मिळाल्या.

मोडाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की मोड आल्यावर दाण्यातलं प्रोटीन दुप्पट होतं. तसं होत नाही. दाणा फुगतो तो पाण्याने. मोड आहे त्या अन्नाला अधिक उपयोगी करतो, नसलेलं अन्न तयार करत नाही. म्हणून आज रात्री मूग जरूर भिजत घाला, उद्या बांधा, परवा वाफ देऊन खा. आणि जव्हार-मोखाड्याची पुढची बातमी मोबाइलवर आली, तर तिथल्या आईला काय येत नाही हे विचारण्याआधी एवढं बघा, की तिच्या घरात भिजत घालायला दाणा आहे का.