नारायणगावची फेसाळती वाइन

मीना नदीकाठचं नारायणगाव म्हटलं की तमाशाच्या राहुट्या आठवतात, विठाबाई आठवतात, शेजारच्या खोडदची रेडिओ दुर्बीण आठवते. याच गावाने १९८०च्या दशकात एक कसबाचं काम करून दाखवलं, त्याची आठवण मात्र फार थोडे जण काढतात. द्रवात तरंगणाऱ्या मऊ, सूक्ष्म पेशी तो द्रव न बिघडवता वेगळ्या करण्याचं ते काम होतं.

उद्योजक शाम चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या जुन्या शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेऊन इथे शातो इंडाज ही वाइन कंपनी उभी केली. सह्याद्रीच्या उतारांवर शार्दोने, उन्यी ब्लांक अशा परक्या द्राक्षांच्या बागा लागल्या. त्यांतून जी फेसाळती वाइन तयार झाली ती परदेशात ‘ओमर खय्याम’ आणि भारतात ‘मार्कीझ द पॉम्पादूर’ या नावाने विकली गेली. ज्या देशात वाइन पिण्याची फारशी रीत नव्हती, तिथून लंडनच्या बाजारात फेसाळती वाइन पाठवणं हे धाडसच होतं.

ही वाइन शॅम्पेनच्या पद्धतीने बनत असे. त्या पद्धतीत तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली पक्की बंद करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, वायू कोंडून राहतो आणि आतला दाब पाच-सहा वातावरणांइतका चढतो. यीस्टचं काम तिथे संपतं. पण मेलेल्या पेशी आतच राहतात आणि वाइन गढूळ दिसते. गाळावी म्हटलं, तर फेस निघून जाणार.

यीस्टची पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची, वाइनपेक्षा किंचितच जड. जॉर्ज स्टोक्सने १८५१मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ५ मायक्रॉनची पेशी तासाला जेमतेम तीनेक मिलिमीटर खाली उतरते. त्या हिशोबाने आठवड्याभरात बाटली निवळायला हवी. प्रत्यक्षात पेशी काचेला चिकटून बसतात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शॅम्पेन बनवणाऱ्या मादाम क्लिकोच्या तळघरात भोकं पाडलेल्या फळ्या आल्या. त्यांत बाटल्या मान खाली करून ठेवायच्या, रोज प्रत्येक बाटलीला हलका झटका देत थोडं फिरवायचं, हळूहळू उभी करत न्यायची. काही आठवड्यांत सगळा गाळ मानेत जमतो. मग मान गोठवायची आणि टोपण काढायचं. आतल्या दाबाने बर्फाची गुठळी गाळासकट बाहेर उडते.

गावोगावी निवळीची बी उगाळून पाणी स्वच्छ करणाऱ्या मुलखाला ‘गाळ खाली बसू द्या’ हे शिकवावं लागत नाही. इथे मात्र तो न ढवळता, दाबाखाली, नेमक्या जागी बसवायचा होता.

गुरुत्वाकर्षणाची वाट न पाहता नुसत्या प्रवाहाने पेशी वेगळ्या करता येतील का, हा विचार त्याआधीपासून दुसरीकडे चालूच होता, पण रक्ताच्या निमित्ताने. बारीक नळीतून रक्त वाहताना मऊ तांबड्या पेशी मधोमध सरकतात आणि कडेला नुसत्या रक्तद्रवाचा थर उरतो, याकडे स्वीडनच्या फॅरियस आणि लिंडक्विस्ट यांच्या १९३१च्या कामाने लक्ष वेधलं. पेशी दबते, आकार बदलते, म्हणूनच भिंत तिला दूर लोटते. कडक मणी तितक्या सहज सरकत नाही. १९६१मध्ये सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी दाखवलं की नळीतून पुरेशा वेगाने वाहणारे कण मध्य आणि भिंत यांच्यामध्ये एका ठरावीक कड्यावर येऊन स्थिरावतात. पुढे केसाइतक्या बारीक वाटा कोरलेल्या चकत्या आल्या. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या चमूने २००४मध्ये अशा चकतीत सूक्ष्म खांबांच्या तिरक्या रांगा उभ्या केल्या. लहान कण खांबांमधून वळणं घेत सरळ पुढे जातात, मोठे दर रांगेला बाजूला ढकलले जातात. मायक्रॉनच्या शंभराव्या भागाइतका फरकही त्यातून निवडता आला.

वाइनवाल्यांनाही हातकाम कमी करायचंच होतं. फ्रान्समधल्या एपर्नेच्या मोएत ए शांदों या शॅम्पेन घराण्याने १९८०च्या दशकात यीस्टला समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या मऊ मण्यांत कोंडून पाहिलं. मणी बाटली उलटी करताच मानेत उतरतात, कारण बुडण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. आठवड्यांचं काम काही सेकंदांवर आलं.

नारायणगावची गोष्ट मात्र पुढे खुंटली. महाराष्ट्राने २००१मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, नाशिक पुढे सरसावलं आणि इंडाज २००८च्या मंदीनंतर कर्जात बुडाली. आज भारतीय वाइनचा इतिहास बहुतेकदा नाशिकपासून सांगितला जातो. ते अन्यायाचं आहे. नारायणगावच्या तळघरांत काम केलेली माणसं आज असतील, तर बाटली कशी फिरवायची, गाळ कधी पुरता उतरला हे नजरेने कसं ओळखायचं, हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्यायला हवं.