मृत्युपत्राची नोंद कोठे सापडते? ग्योतोकूहून मुंबईच्या प्रोबेट दफ्तरापर्यंत

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम २१३ वगळले आणि ‘आता मुंबईत प्रोबेट लागत नाही’ असा निरोप ग्योतोकु, निशि-कासाई परिसरातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला. निरोप खोटा नव्हता, अपुरा होता. मुंबईच्या हद्दीत केलेल्या किंवा तेथील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू, बौद्ध, शीख अथवा जैन व्यक्तीच्या मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क शाबीत करायचा, तर आधी प्रोबेट घेण्याची सक्ती होती. ती सक्ती संपली. प्रोबेट देण्याचा न्यायालयाचा अधिकार मात्र कायम आहे. शिवाय १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्यापासून या सक्तीमुळे साठत गेलेले दफ्तर जागच्या जागी आहे. आजोबांच्या नावावरची गिरगावातील किंवा दादरमधील जागा आज आपल्यापर्यंत कशी आली, याचा कागदोपत्री पुरावा अनेक कुटुंबांच्या बाबतीत तेथेच सापडतो.

जपानमध्ये राहणाऱ्यांना या दफ्तराची गरज एका वेगळ्या कारणाने पडते, आणि ते कारण पुष्कळांना उशिरा कळते. येथील वारसाकर मृत व्यक्तीवर नव्हे, तर मालमत्ता मिळवणाऱ्या वारसावर बसतो. आपल्याकडे जपानचा स्थायी निवास असेल, तर वडिलांकडून मिळालेली भारतातील मालमत्ताही या कराच्या कक्षेत येते. कामाच्या व्हिसावर असलेल्यांना सूट आहे, पण ती गेल्या १५ वर्षांत जपानमधील एकूण वास्तव्य १० वर्षांपेक्षा अधिक नसेल आणि मृत व्यक्ती जपानबाहेर राहणारी परदेशी नागरिक असेल तरच. मूळ वजावट ३ कोटी येन अधिक प्रत्येक कायदेशीर वारसामागे ६० लाख येन इतकी आहे. आई व दोन भावंडे असे तीन वारस धरले तर ४ कोटी ८० लाख येन. मुंबईतील सदनिका एकाच वारसाच्या वाट्याला आली, तर हा आकडा ओलांडला जाणे अवघड नाही. भारताने इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द केली असल्याने तेथे भरलेल्या कराची वजावट मागण्याचाही मार्ग उरत नाही.

विवरणपत्राची मुदत मृत्यूची वार्ता कळल्यापासून १० महिन्यांची आहे. मुंबईत मृत्युपत्रावर वाद उभा राहिला, तर १० महिन्यांत निकाल लागण्याची आशा कोणी धरू नये. वाटणी झाली नाही म्हणून जपानचे कर कार्यालय मुदत पुढे ढकलत नाही. कायद्याने येणाऱ्या हिश्श्याप्रमाणे विवरणपत्र भरायचे आणि निर्णय लागल्यावर दुरुस्त करायचे. म्हणजे न्यायालयात काय दाखल झाले आहे आणि मालमत्तेच्या यादीत काय लिहिले आहे, हे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हाती असावे लागते.

आधी कोणता कागद शोधायचा ते ठरवा

‘प्रोबेट काढले होते’ असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही असू शकते. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला असेल, तर त्यालाच मिळते ते प्रोबेट. मृत्युपत्र आहे पण व्यवस्थापक नेमलेला नाही, किंवा मृत्युपत्रच नाही, अशा वेळी लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. बँकेतील ठेवी, रोखे, भाग यांच्या वसुलीपुरते उत्तराधिकार प्रमाणपत्र. ते घरजमिनीसाठी नसते. आणि महाराष्ट्रात मुंबई रेग्युलेशन ८, १८२७ या अजूनही चालू असलेल्या जुन्या नियमाखाली दिवाणी न्यायालय देते ते वारस प्रमाणपत्र. या चारांची नोंद वेगवेगळी असते. चुकीच्या नोंदीत शोधून ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते, आणि घरात मात्र कोणीतरी कागद दडवला असा संशय बळावतो.

मुंबईतील प्रकरणे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील टेस्टामेंटरी विभागात सापडतात. पुणे, ठाणे, सातारा, रत्नागिरी येथील प्रकरणांसाठी त्या त्या जिल्ह्याच्या न्यायालयाकडे जावे लागते. मृत व्यक्तीचे अखेरचे वास्तव्य कोठे होते, हा पहिला प्रश्न. मालमत्ता कोठे होती, हा दुसरा. निवृत्तीनंतर पुण्यात मुलीकडे राहायला गेलेल्या मुंबईकराचे प्रकरण दोन्हीकडे शोधावे. गोव्यातील कुटुंबांची वाट अगदी निराळी आहे: तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेली इन्व्हेंटरी कार्यवाही आणि विशेष नोटरीपुढील उत्तराधिकाराचा दस्त असतो. आता त्यांना २०१२ च्या स्वतंत्र कायद्याचा आधार आहे.

अलीकडची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या व ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळांवर पक्षकाराच्या नावाने किंवा १६ अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने सापडतात. जुन्यांसाठी वर्षवार नोंदवह्याच पाहाव्या लागतात आणि त्यासाठी तेथे माणूस हवा. अर्ज क्रमांक व वर्ष मिळाले की अर्धे काम झाले. मुंबईत साडेदहाला कार्यालय उघडते तेव्हा ग्योतोकूत दुपारचे दोन वाजलेले असतात; तेथील वकिलाशी किंवा त्याच्या कारकुनाशी बोलायची वेळ हीच.

खरी अडचण नावांची आहे. एकच आडनाव जुन्या इंग्रजी नोंदींत तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. स्त्रियांच्या बाबतीत तर लग्नात नाव बदलण्याच्या आपल्या रीतीमुळे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव असे तीन पर्याय होतात. माझ्या आत्याच्या मृत्युपत्राची नोंद आम्ही कित्येक आठवडे तिच्या सासरच्या नावाखाली शोधत होतो. मृत्युपत्रावर तिने माहेरचे पहिले नाव आणि सासरचे आडनाव अशी सही केली होती. अर्ज त्याच नावाने होता, आणि ‘उर्फ’ पुढचे नाव अनुक्रमणिकेत उतरलेच नव्हते. तेव्हापासून कोणी विचारले तर मी आधी सर्व नावांचा, जन्म-मृत्यूच्या तारखांचा आणि अखेरच्या पत्त्याचा एक कागद करायला सांगतो. व्यवस्थापकाचे नाव ठाऊक असेल तर तेही त्यात असावे, कारण अर्जदार म्हणून तेच नोंदलेले असते.

फाइलमध्ये काय असते

कलम २९४ नुसार, प्रोबेट मिळालेले मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या दफ्तरातच राहते. घरात मूळ प्रत सापडत नाही म्हणून भाऊ-बहिणींत बोलणे बंद झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. प्रत न्यायालयात सुरक्षित असते. मृत्युपत्राखेरीज फाइलमध्ये अर्ज, सर्व जवळच्या वारसांची नावे व पत्ते, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे, वारसांच्या संमती, कोणी हरकत घेतली असेल तर कॅव्हेट, आणि मालमत्तेचे परिशिष्ट असते. कलम ३१७ प्रमाणे व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षात हिशेब सादर करायचा असतो. तो दाखल झाला असेल, तर बँक खाती, दागिने, येणी-देणी यांचा तपशील एका जागी मिळतो. १९५३ ते १९८५ या काळातील प्रकरणांत इस्टेट ड्यूटीसाठी केलेले मूल्यांकनही पाहावे.

मात्र या परिशिष्टाला मालकीचा दाखला समजू नये. प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र खरे आहे का आणि ते नीट केले गेले का, एवढेच ठरवते. त्यात लिहिलेली जागा खरोखर मृत व्यक्तीच्या मालकीची होती का, हा प्रश्न ते हाताळत नाही. नामनिर्देशनाबद्दलही असाच गैरसमज आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या संपत्तीवरून झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की, कंपनीच्या भागांसाठी नेमलेली व्यक्ती वारसांना डावलून मालक होत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद मानण्याची तरतूद आहे. ‘संस्थेत माझे नाव लागले’ म्हणजे घर आपले झाले, असे नव्हे.

नोंद मिळाली नाही तर? मृत्युपत्र नोंदणीकृत होते का ते पाहावे. नोंदणी ऐच्छिक असते, परंतु झाली असेल तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे मृत्यूनंतर कोणीही मृत्यूचा दाखला जोडून दुय्यम निबंधकाकडे नक्कल मागू शकतो. मृत्यूपूर्वी ती फक्त मृत्युपत्र करणाऱ्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. गावाकडच्या जमिनीसाठी सातबारा आणि त्यामागचे वारस नोंदीचे फेरफार पाहावेत. अनेक जुने फेरफार शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत. मृत्युपत्रच नसेल आणि सर्वांनी समजुतीने वाटून घेतले असेल, तर न्यायालयात काहीच नसणे हेही स्वाभाविक आहे.

नक्कल मागताना ‘प्रमाणित नक्कल’ असे स्पष्ट लिहावे. आत्याच्या प्रकरणात आमच्याकडे आधी साधी झेरॉक्स आली होती. येथील कर-सल्लागाराने ती अतिशय नम्रपणे परत केली, आणि सहा आठवडे गेले. प्रकरणात पक्षकार नसाल तर अर्जासोबत नाते व कारण सांगावे लागते. माहितीच्या अधिकाराचा आडमार्ग येथे उपयोगी नाही: न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. अमेरिकेतील नातलगांना याचे नवल वाटते, कारण न्यू जर्सीत कौंटी सरोगेटच्या कार्यालयात सिद्ध झालेले मृत्युपत्र कोणीही पाहू शकतो. इंग्लंड व वेल्समधील १८५८ पासूनची मृत्युपत्रे तर घरबसल्या मागवता येतात. अशा परदेशी न्यायालयात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत असेल, तर कलम २२८ खाली भारतात तिच्या आधारे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन मागता येतात.

मृत्यू ग्योतोकूत झाला असेल तर

जपानमध्ये प्रोबेटसारखी संस्था नाही. हस्तलिखित मृत्युपत्र सापडले तर मृताच्या अखेरच्या पत्त्याच्या कौटुंबिक न्यायालयात त्याचे ‘केन्निन’ करावे लागते. ग्योतोकु इचिकावा शहरात येत असल्याने ते चिबा कौटुंबिक न्यायालयाच्या इचिकावा उपकार्यालयाकडे जाते. केन्निनमध्ये कागदाची त्या दिवशीची स्थिती नोंदवली जाते. मृत्युपत्र वैध आहे, असे त्यातून ठरत नाही. नोटरीपुढे केलेल्या मृत्युपत्राला त्याची गरज नसते, आणि १९८९ पासूनची अशी मृत्युपत्रे वारसांना कोणत्याही नोटरी कार्यालयातून शोधता येतात. जुलै २०२० पासून हस्तलिखित मृत्युपत्र विधी व्यवहार कार्यालयात जपून ठेवण्याचीही सोय झाली आहे. शुल्क ३,९०० येन. त्यालाही केन्निन लागत नाही.

जपानी कायद्याप्रमाणे वारसा मृताच्या राष्ट्रीय कायद्याने ठरतो, हा मूळ नियम. येथील बँकेचा अर्ज पत्नी आणि मुले यांची नावे विचारतो, कारण मुले असताना जपानी कायद्यात आईवडिलांना वाटा नसतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची आई मात्र पत्नी व मुलांइतकीच वारस असते. सांगलीत बसलेल्या आईचे नाव अर्जात राहून गेले, तर नंतर तिच्या सहीवाचून पैसे अडकतात, किंवा तिच्या नकळत वाटले जातात. जपानमधील स्वतःच्या घराबाबत पुन्हा जपानी कायदाच लागू होण्याची शक्यता असते. तो प्रश्न वकिलाकडेच न्यावा. १ एप्रिल २०२४ पासून वारशाने आलेल्या घराची नोंदणी तीन वर्षांत करणे बंधनकारक आहे, न केल्यास १ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

मुंबईतील कामासाठी मुखत्यारपत्र तोक्योतील भारतीय दूतावासात साक्षांकित करून घेता येते, किंवा जपानी नोटरीकडून करून त्यावर अ‍ॅपोस्टिल घेता येते. दोन्ही देश त्या करारात आहेत. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तेथे मुद्रांकित करून घ्यावे लागते. म्हणून ते कुरिअरने पाठवल्यावर पोहोचल्याची तारीख पावतीसह जपून ठेवा.