घोड्याचा खरा चेहरा



घोडा विकावयाची जाहिरात म्हटली म्हणजे ‘रंगानें अबलख, चालीनें रवाळ, मानेवर देवमण’ अशी विशेषणांची माळच आपल्या कानांवर येते. तींतील प्रत्येक शब्द खरा असला तरी ती जाहिरात प्रामाणिक ठरतेच असें नाहीं. रंग, चाल आणि भोंवरा हीं गिऱ्हाइकाला दिसतातच. जें धन्याला ठाऊक असतें आणि गिऱ्हाइकाला दिसत नाहीं, तें कोणी सांगावयाचें, हा खरा प्रश्न होय. आणि तो फार जुना आहे.

इ. स. १२९६ मध्यें देवगिरीवर चालून आलेला अल्लाउद्दीन खिलजी त्याच वर्षीं दिल्लीचा सुलतान झाला. त्यानें पहिल्या प्रतीच्या घोड्यास १०० ते १२० टंक, तर सामान्य तट्टास १० ते २५ टंक असे भाव बांधून दिले, असें इतिहासकार बरनी लिहितो. लबाड दलालांना त्यानें कडक शासन केलें, आणि लष्करी घोड्यांना डाग देण्याची पद्धत पाडली. हजिरीला उमदें जनावर दाखवावयाचें व चाकरीला मरतुकडें तट्टू आणावयाचें, ही फसवणूक त्यास मोडावयाची होती. अकबरानें इ. स. १५७३-७४ च्या सुमारास हीच पद्धत पुन्हां चालू केली. मोगलांच्या दप्तरीं स्वाराप्रमाणें घोड्याचाही ‘चेहरा’ लिहीत. त्यांत रंगाचेच २० मुख्य प्रकार असत.

आपल्या मराठी फौजेंत बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदाराचा मात्र स्वतःचा असे. आमचें वैराग ज्या मुलखांत आहे, तेथील भीमाकांठचीं भीमथडी तट्टें काटकपणाबद्दल नांवाजलेलीं होतीं. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची पोटाची भाकरी. खोड लपवून विकलेला घोडा ऐन धांवपळींत अडला, तर त्याचें भांडवल जाईच, प्रसंगीं प्राणही जाई.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहा. इ. स. १८७२ च्या कराराच्या कायद्यांतील १७ व्या कलमांत घोड्याचेंच उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हें जाणूनही लिलांवांत मालक गप्प राहिला, तर तेवढ्यानें ती लबाडी ठरत नाहीं. परंतु घेणारी नुकतीच वयांत आलेली त्याची स्वतःची मुलगी असेल, तर दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. तसेंच, ‘तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं, तर घोडा निर्दोष आहे असें मी धरीन,’ असें गिऱ्हाइकानें म्हटल्यावर मालकाचें मौन हें बोलण्यासारखेंच मानिलें जातें.

या उदाहरणांतच प्रामाणिक जाहिरातीचें सूत्र सांपडतें. गिऱ्हाईक परकें असलें तरी तें आपलेंच लेकरूं आहे असें समजून लिहावें. दांतांवरून निघणारें वय, बुजण्याची वा लाथ मारण्याची खोड, पूर्वींची दुखापत, मुलाला बसवितां येईल कीं नाहीं, आणि विकण्याचें खरें कारण, एवढें आधीं लिहावें, देवमण मागाहून.

अकलूजला व सारंगखेड्याला आजही घोड्यांचा बाजार भरतो. अशा बाजारांत खोड सांगणाऱ्याला चार पैसे कमी मिळतील, हें खरें. परंतु सुलतानाला डागाच्या तप्त लोखंडानें जें साधावें लागलें, तें सचोटीच्या माणसाच्या चार ओळींनीं साधतें. आणि पुढच्या वर्षीं तेंच गिऱ्हाईक त्याचें दावण शोधीत येतें.