विचारांची उमेदवारी

पुणे जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर आहे. इथं नीरा भीमेला मिळते. संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचं मंदिर आहे. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचं नाव त्याच्या बांधकामाशी जोडलेलं आहे. आतली मूर्ती प्रल्हादानं वाळूची केली, असं गावातले लोक सांगतात.

भागवतात प्रल्हादाच्या शाळेची गोष्ट आहे. गुरुजी घरकामाला गेले, की तो सवंगड्यांना चार गोष्टी सांगे. एकदा मुलांनी त्याला विचारलं, की आपले गुरुजी तर एकच, मग तुला हे कुठून आलं? आणि आपण कसे शिकलो, ते प्रल्हादानं त्यांना सांगितलं. मला या कथेत हा प्रश्नच मोलाचा वाटतो.

कारण आपल्या शाळांत तो फारसा विचारलाच गेला नाही. वेदपाठशाळेत गुरू संथा देई आणि शिष्य ती घोकी. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेक अक्षर जपलं गेलं. मदरशातली मुलंही अशीच कुराण मुखोद्गत करतात. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, पावकी-निमकी होती. स्मरण पक्कं झालं, यात शंका नाही. पण हिशेब करताना पंतोजींच्या मनात काय चाललंय, ते मुलाला दिसत नसे.

कारागिराच्या घरी मात्र ते दिसे, किंबहुना ऐकू येई. माझे अब्बा शिंपी. त्यांच्याकडे उमेदवारीला आलेला पोरगा आधी काज-बटण करी, मग तुरपाई, मग मशीन. कात्री हाती यायची ती सर्वांत शेवटी. कापड बेतताना अब्बा पुटपुटत असत, "हे धुतल्यावर आटेल, दोन बोटं जास्त धरू... नको, मग बाहीला कमी पडेल." त्यांचा फसलेला विचारही आम्ही ऐकत होतो. शाळेत गणित फळ्यावर सुटूनच यायचं. गणितात मी दोनदा नापास झालो, पण कापडाचा हिशेब माझा कधी चुकला नाही.

जीन लेव्ह या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या उमेदवारीचा अभ्यास केला. तिथंही हाच क्रम होता, आधी बटणं आणि शेवटी कापणं. पुढं १९८९ मध्ये ॲलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राऊन आणि सुसान न्यूमन यांनी मांडलं, की वाचन, लेखन आणि गणितही असंच शिकवता येईल. शिक्षकानं मोठ्यानं विचार करत काम करून दाखवावं. मग मुलाला करू द्यावं, अडेल तिथं आधार द्यावा आणि जमू लागलं की तो काढून घ्यावा. मुलानं आपला विचार बोलून दाखवावा, दुसऱ्याच्या विचाराशी ताडून पाहावा आणि शेवटी नवा प्रश्न स्वतः शोधावा. ॲलन शोनफेल्ड हे गणिताचे प्राध्यापक तर विद्यार्थ्यांनी आणलेली अवघड उदाहरणं वर्गातच सोडवायला घेत. त्यांच्या वाटा चुकत, त्याही मुलांना दिसत.

नरसिंहपुराहून भीमा ओलांडली, की माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुस्तकातून धडा मोबाइलवर आला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी शाळा बंद होत्या. माझी भाची फोनवर अपूर्णांकांचा धडा बघत बसे. धडा मागं नेऊन पुन्हा बघता येई, ही सोय मोठीच. पण तीच बेरीज चौथ्यांदा बघूनही तिला ती उमगेना, कारण पडद्यावरचा हात कुठं अडतच नव्हता. शेवटी कागद घेऊन मीच तिच्याशेजारी बसलो. अर्धा आणि पाव मिळवताना मोठ्यानं म्हणालो, "वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. म्हणजे दोन षष्ठांश, म्हणजे एक तृतीयांश." ती थबकली. "मामू, अर्ध्यात पाव घातल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?" मी पेन तिच्या हाती दिलं. ती बोलत बोलत सोडवत गेली आणि पाऊणवर येऊन थांबली.

धडा वर्गातला असो की मोबाइलवरचा, शिकवणाऱ्याचं अडखळणं त्यातून कापून टाकू नये. अब्बांची कात्री आता माझ्याकडे आहे. तिची धार गेली आहे, पण त्यांचं पुटपुटणं मला अजून ऐकू येतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)